पहाटेच्या रकान्यातला पारा

हवामान कार्यालयात नोकरी करते म्हटलं की समोरचा माणूस आधी खिडकीबाहेर बघतो आणि मग विचारतो, "काय, आज पडेल का?" माझं उत्तर ठरलेलं असायचं. "ते वरच्या मजल्यावर विचारा. माझ्याकडे फक्त पडून गेलेला पाऊस मिळतो." लोकांना ही थट्टा वाटते, पण माझं टेबल खरोखर तेवढंच होतं. अंदाज सांगणारे वर बसायचे. पेपरवाले त्यांना फोन करायचे आणि अंदाज चुकला की शिव्याही त्यांनाच पडायच्या. आम्ही खाली. निरीक्षणं घ्यायची, तपासायची, जपायची, आणि कोणी मागितली तर सही-शिक्क्यानिशी द्यायची.

मी मूळची साताऱ्याची. तीन वर्षांसाठी म्हणून चेन्नईला बदली झाली आणि इथेच राहिले. बाकीच्या बदल्यांची यादी देत नाही. ती माझ्या सर्व्हिस बुकात आहे आणि तिथेही कोणी वाचत नाही.

निरीक्षण घेणं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आवारात एक पांढरी लाकडी पेटी असते, झडपांच्या भिंतींची. आत तापमापक. दार उघडून आपण समोर उभे राहिलो की आपल्या अंगाच्या उबेने आणि श्वासाने पारा हलायला लागतो. म्हणून आधी दशांश वाचायचा, पूर्ण अंश मागाहून. पूर्ण अंश तेवढ्यात कुठे पळून जात नाही. वायुभारमापक आत, खोलीत. उभ्या नळीत पारा. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारायची, सरकपट्टी पाऱ्याच्या फुगीर माथ्यावर अलगद आणायची, दोन्ही बाजूंना उजेडाचे बारीकसे त्रिकोण दिसले की आकडा घ्यायचा. पाहिला तो आकडा लिहायचा. पाहिला नसेल तर जागा रिकामी सोडायची. कालच्यावरून आजचा लिहायचा नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हे सांगतात आणि रिटायर होईपर्यंत दुसरं काही सांगत नाहीत.

पडून गेलेल्या पावसाला गिऱ्हाइकं पुष्कळ. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार दर पावसाळ्यानंतर यायचे. त्यांचे सुटे भाग गंजायचे आणि घेणारी कंपनी माल परत पाठवायची. त्यांना हवेतल्या आर्द्रतेचा दाखला हवा असे. तो वाचून झाला की दरवेळी म्हणायचे, "मॅडम, थोडी जास्त नाही का दाखवता येणार? तुमची काय, हवाच आहे ती!" मी म्हणायची, "हवा तुमची, आकडा माझा." चहा पिऊन जायचे बिचारे.

एका अपघाताच्या खटल्यात मला कोर्टात बोलावलं होतं. ड्रायव्हरचं म्हणणं, रस्ता ओला होता. वकिलाने आवाज चढवून विचारलं, "त्या दिवशी पाऊस पडताना तुम्ही स्वतः पाहिला होता का?" मी म्हटलं, "नाही. मोजला होता." न्यायाधीश हसले. वकील नाही हसले. पाऊस मोजपात्राच्या तळाला लागेल इतकाही नव्हता आणि ते सांगणं मला भाग होतं.

हे सगळे जिवंत माणसांचे पाऊस. ज्यांचा कोणीच कधी दाखला मागत नाही, असे पाऊस माझ्या वाट्याला आले ते दोन हजार सालानंतर, जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं तेव्हा.

या शहरात कंपनी सरकारच्या काळापासून हवेच्या नोंदी ठेवल्या गेल्या. तेव्हा खातं वगैरे नव्हतं. ताऱ्यांचे वेध घेणारी माणसं होती आणि वेध घ्यायला आकाश कसं आहे ते कळायला हवं, म्हणून ती पारा, तापमान, वारा, ढग लिहून ठेवत. रोज दुपारी, सूर्यास्ताला, रात्री आणि सूर्योदयाला. त्यांच्या जाड कातडी बांधणीच्या वह्या आमच्याकडे पोचल्या होत्या. कागद इतका ठिसूळ की पान उलटलं की टेबलावर चुरा. मागच्या पानांना वाळवीने किनारे आणि खाड्या कोरलेल्या, एखाद्या नकाशासारख्या.

या कामावर आम्ही दोघी. दुसरी रमाबाई राव. तंजावरची मराठी. घराणं तीनशे वर्षं तमिळ मुलखात, घरात मराठी, भांडण तमिळमध्ये. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असून मला "अक्का" म्हणायची, कारण हुद्द्याने मी एक पायरी वर. माझी मराठी तिला फार धावती वाटायची. "अक्का, तुम्ही बोलतां ती टीव्हीवरची मराठी. आमची देवापुढची," म्हणायची. आकडेमोडीत आणि इंग्रजी जुन्या लिपीत दोघी सारख्याच घासलेल्या. तिचा मुलगा पेरुंगुडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला आईचं काम समजावून सांगता यायचं नाही. "अम्मा जुनी हवा टाइप करते," असं तो मित्रांना सांगायचा.

कामाची पद्धत सोपी. निम्मा वेळ ती टाइप करायची आणि मी तपासायची, निम्मा वेळ उलट. कॉम्प्युटरवर भरायचा तक्ता वरून आला होता, सगळ्या केंद्रांना एकच. एका ओळीत एक तारीख. पहिला रकाना सूर्योदय, मग दुपार, सूर्यास्त, रात्र. सरळ. आमच्याही ड्युट्या त्याच क्रमाने लागायच्या.

या वह्यांत मला एक माणूस भेटला, खरं तर दोन. एक इथला. पहाटेचं निरीक्षण साहेब घेत नसत, त्यांचा मदतनीस घेई. रात्रीच्या आणि पहाटेच्या आकड्यांचं अक्षर वेगवेगळं, त्यावरून हे कळत होतं. पहाटेचं अक्षर लहान, उभं, सात हा आकडा पोटात बारीक रेघ मारून लिहिलेला. नाव कुठेही नाही. दुसरा माणूस दक्षिणेला, किनाऱ्यावर नागपट्टणमला. लष्करी सर्जन. त्याच्याकडे स्वतःची वायुभारमापकाची नळी होती. तो दर महिन्याला आपल्या आकड्यांची नक्कल करून इकडे पाठवायचा आणि इथली नक्कल तिकडे जायची. टपाल न्यायला धावणारी माणसं. वाटेत नद्या आणि ऑक्टोबरचा पाऊस. तरी तक्ते पोचायचे. दोघांचं एकमेकांशी लागलेलं काही नव्हतं. दोघांना फक्त हे बघायचं होतं, की इथे पारा उतरला तेव्हा तिथे काय झालं होतं. आज सगळ्या जगातली केंद्रं एकाच घटकेला निरीक्षण घेऊन एकमेकांना कळवतात, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, नोकरीच ती. या दोघांना मात्र तसं करा म्हणून सांगणारं वर कोणीच नव्हतं.

सर्जनची मूळ वही आता कुठेही नाही. त्याचे आकडे वाचले ते आमच्या वह्यांच्या मागे शिवून ठेवलेल्या नकलांमुळे. वाटून घेतले म्हणून टिकले. एकदा त्याची नळी फुटली. नवी बोटीने येईपर्यंत त्याने दर महिन्याला कोरा तक्ता पाठवला, रकाने आखून, तारखा घालून. मी तो तक्ता टाइप करायला घेतला आणि टाइप करायला काहीच नव्हतं. रमाबाईला दाखवला. तिने तो उलटून मागची बाजूही बघितली. म्हणाली, "कोरा कागद धाडायला तीनशे किलोमीटर माणूस पळवला, अक्का!" मग म्हणाली, "खरा माणूस."

आता कशावर येऊन ठेपलं ते सांगते. या आकड्यांचा उपयोग व्हायचा तर ते निरनिराळ्या देशांच्या एका सामाईक संग्रहात जायला हवे होते. तिथे गेले की कोणाही अभ्यासकाला मिळणार. आणि तिथे घेतले गेले तरच बाकीच्या वह्यांचं स्कॅनिंग मंजूर होणार होतं. नाही घेतले तर वह्या परत खालच्या गोदामात. त्या गोदामाला ओल होती. दोन-तीन पावसाळ्यांत काय उरलं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, कारण चुरा मी रोज टेबलावरून गोळा करत होते.

घ्यायचे की नाही, हे ठरवायला पुण्याहून डॉ. देशमुख येणार होते. मोठे अभ्यासक, काटेकोर म्हणून नाव. आमच्या पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवर त्यांनी आधीच टिपण पाठवलं. मी ते रमाबाईला वाचून दाखवलं. दुपार, सूर्यास्त आणि रात्र यांबद्दल तक्रार नव्हती. पहाटेचे आकडे मात्र त्यांच्या मते बनावट होते.

"बनावट म्हणजे?" रमाबाईने विचारलं.

"म्हणजे पारा न बघता भरलेले."

त्यांचा तर्क बिनचूक होता, हीच अडचण. आपल्या या भागात साध्या दिवसांत पारा आज आणि उद्या जवळजवळ तोच असतो. सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली. हवेलाही भरती-ओहोटी असते, रोज दोनदा, घड्याळ लावावं अशी. तेव्हा साध्या दिवशी कोणी घरी बसूनही पहाटेचा आकडा भरला तर तो पकडता येत नाही. पकडता येतो वादळात. आणि प्रत्येक वादळात आमचा पहाटेचा आकडा तोंडावर पडत होता. दुपारी, संध्याकाळी पारा अजून नेहमीसारखा, पण त्याच तारखेला पहाटे मात्र तळाला गेलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे एकदम चढलेला. आलेख काढला तर करवतीचे दात. वर नागपट्टणमशी ताडून पाहिलं तर वादळ आधी आमच्याकडे, मग खाली नागपट्टणमला. बंगालच्या उपसागरातून येऊन वायव्येला जाणाऱ्या वादळाने असं उलटं चालायचं काही कारण नव्हतं. देशमुखांनी लिहिलं होतं, की मदतनीस पहाटे येत नसावा. मागाहून बसून रकाना भरत असावा आणि वादळाच्या वेळी तारीख विसरत असावा. एक रकाना बनावट असेल तर बाकीच्यांवर विश्वास ठेवणं कठीण. सबब, संग्रहात घेऊ नये.

रमाबाई म्हणाली, "ह्यांस मेलेल्या माणसाची हजेरी पाहिजे काय?"

मला त्या माणसाचा कळवळा वगैरे आला नाही. खोटे आकडे लिहिणारे लोक मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांना माझ्याच हाताने मेमो दिले आहेत. पण खोटं लिहिणाऱ्याची एक खूण असते. तो जागा रिकामी ठेवत नाही. रिकामी जागा बघून साहेब विचारतो ना! आणि या लहान उभ्या अक्षराच्या रकान्यात मधूनमधून रिकाम्या जागा होत्या. मी देशमुखांना फोनवर हे सांगितलं.

"पाटणकरबाई," ते म्हणाले, "रिकामी जागा हा पुरावा नाही. फार तर सभ्यता. पुढच्या आठवड्यात येतो, तेव्हा बघू."

त्यांना यायला चार दिवस होते. दुपारी जेवण झाल्यावर मी रमाबाईला म्हटलं, कॉम्प्युटर बंद कर. आपण हाताने काढू.

हे इथे समजावून सांगायला हवं. आम्ही ज्या काळात शिकलो त्या काळात हवेचे नकाशे हाताने काढत. एकीने आकडा पुकारायचा, दुसरीने पेन्सिलने ठेवायचा. पुकारणारीने कागदाकडे बघायचं नाही आणि काढणारीने वहीकडे बघायचं नाही, म्हणजे कोणी आकड्याला समजून घेऊन वळण देत नाही. मला अजूनही एखादी गोष्ट डोक्यात शिरायची तर ती हातातून शिरावी लागते. पडद्यावरच्या आलेखावर माझा राग नाही, पण तो एकदम सगळा दिसतो. पेन्सिलीला एकेक ठिपका चालावं लागतं.

मी टेबलाच्या एका टोकाला आलेखाचा कागद पसरून बसले. दुसऱ्या टोकाला रमाबाई, समोर मूळ वही, हातात पट्टी. तिने एका वादळाचं पान काढलं आणि पुकारायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवरून नाही, वहीतून. पट्टी ओळीखाली धरून, डावीकडून उजवीकडे, जसं पानावर होतं तसं.

"दुपार," ती म्हणाली आणि आकडा सांगितला. मी ठेवला.

"सूर्यास्त." थोडा खाली.

"रात्र." आणखी खाली.

"सूर्योदय." तळाला.

"दुपार."

"थांब. कुठल्या तारखेची?"

"खालची ओळ, अक्का. दुसरी तारीख."

मी ठिपका ठेवला. वर चढलेला. सूर्यास्त, आणखी वर. मी पेन्सिल ठेवून दिली. कागदावर करवत नव्हती. एक रेघ होती, टेकडी उतरावी तशी उतरत गेलेली आणि दुसऱ्या बाजूने चढून आलेली. मी माझ्या कामात हजारो रेघा काढल्या आहेत. वादळाची रेघ कशी असते ते मला झोपेत सांगता येईल. ही तशी होती.

"परत सांग," मी म्हटलं. "पहिल्या ओळीपासून."

"अक्का, ऐकूं नाहीं आलें?"

"आलं. म्हणूनच."

तिने परत सांगितलं. तीच रेघ. मग मी उठून तिच्या बाजूला गेले आणि वही बघितली. अडीच वर्षं मी ती वही रोज बघत होते. रकाने होते दुपार, सूर्यास्त, रात्र, सूर्योदय. ओळ दुपारी सुरू होत होती. आम्ही काय केलं होतं, तर टाइप करताना सूर्योदयाचा आकडा उचलून पहिल्या घरात टाकला होता, कारण भरायच्या तक्त्यात तो पहिला होता आणि दोन निरीक्षकांच्या डोक्यात दिवस सकाळीच सुरू होतो. पण ही वही निरीक्षकांची नव्हती. ताऱ्यांचे वेध घेणाऱ्यांची होती. त्यांचं खरं काम रात्रीचं. मध्यरात्री तारीख बदलली तर एका रात्रीचे दोन तुकडे होणार, वेध घेता घेता तारीख बदलणार. म्हणून ते लोक दुपारी बाराला दिवस सुरू करत आणि दुसऱ्या दुपारी बाराला संपवत. त्यांच्या पाच तारखेची पहाट म्हणजे आपल्या सहा तारखेची. नागपट्टणमचा सर्जन मात्र तुमच्या-आमच्यासारखा, त्याचा दिवस साधा. त्याने दुसऱ्या हिशेबाचा तक्ता महिन्यामागून महिने घेतला आणि दोघांना आपापल्या ठिकाणी ते बरोबर कळत होतं. घोळ आम्ही घातला.

मी फळ्यावर हे काढून दाखवलं, तेव्हा रमाबाई एकदम उभी राहिली आणि त्या वहीला हात जोडले. मी हात जोडणारी बाई नाही. पण मी पट्टी घेऊन पहाटेचा रकाना वरून खाली परत वाचला. तो माणूस येत होता. प्रत्येक पहाटे येत होता आणि यायला जमलं नाही तर जागा रिकामी सोडत होता.

"आतां त्या साहेबांस फोन करा," रमाबाई म्हणाली.

"नको. इथेच दाखवू."

देशमुख आले. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला, बोलणं थोडं. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला, दुपारी सुरू होणाऱ्या दिवसाचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर ढकलून रेघ बघितली, मग वहीतले रकाने बघितले. एका क्षणात त्यांना सगळं कळलं हे मला दिसलं. पण कळणं आणि पटणं यांत ते अंतर ठेवणारे होते. ठेवायलाच हवं.

"शक्य आहे," ते म्हणाले. "पण हे वादळ तुम्ही निवडलंत. एक दिवस सरकवला की एखादं वादळ जुळणारच. मी निवडतो. आणि तुम्ही ते अजून टाइप केलेलं नसलं पाहिजे."

"मग पुढच्या वहीतलं घ्या. ती आम्ही उघडलेली नाही."

त्यांच्याजवळ जहाजांच्या हकिगतींवरून केलेली जुन्या वादळांची यादी होती. त्यांनी त्यातलं एक सांगितलं. आमच्या तर्कावर मला भरवसा होता, पण पुढची वही कोणी ठेवली होती, साहेब बदलले होते का, पद्धत बदलली होती का, मला काही माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं, की हे जुळलं नाही तर स्कॅनिंगचा विषय तिथेच संपणार.

"पुकारा तुम्ही," देशमुख रमाबाईला म्हणाले, आणि माझ्याकडे हात केला. "पेन्सिल द्या. मी काढतो."

"तुम्हांला सवय आहे?" मी विचारलं.

"बाई, कॉम्प्युटर यायच्या आधी मीही जन्मलो होतो."

आधी नागपट्टणम. सर्जनची नक्कल या वहीलाही मागे शिवलेली होती. रमाबाई त्याच्या क्रमाने वाचत गेली, आणि देशमुख निळ्या पेन्सिलने ठिपके ठेवत गेले. रेघ हळूहळू उतरली, उथळशी बशी झाली आणि वर आली. वादळ तिथून दूर, समुद्रातून गेलं असणार. मग आमची वही. लाल पेन्सिल. निळी रेघ बशीच्या तळाला होती तेव्हा लाल अजून नेहमीच्या जागी होती, रोजची भरती-ओहोटी दाखवत.

"दुपार," रमाबाई म्हणाली. लाल ठिपका जरासा घसरला.

"सूर्यास्त." निळी चढायला लागली होती. लाल उतरायला.

"रात्र." तिने आकडा सांगितला आणि देशमुखांनी तिच्याकडे मान वर करून बघितलं.

"परत सांगा."

तिने परत सांगितला. ठिपका कागदाच्या खालच्या कडेला लागला.

"सूर्योदय," ती म्हणाली.

"थांबा," देशमुख म्हणाले. "कागद संपला."

"थांबून कसें चालेल, सर," रमाबाई म्हणाली. "तो थांबला नाहीं."

मी आलेखाचा दुसरा कागद काढला. देशमुखांनी तो पहिल्याच्या खाली धरला, चौकोनाला चौकोन लावला आणि मी मागून डिंकाने चिकटवला. त्यांच्या बोटांना डिंक लागला, तो त्यांनी त्या पांढऱ्या शर्टालाच पुसला. मग रमाबाईने सूर्योदयाचा आकडा सांगितला. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितला. लहान, उभं अक्षर. शेऱ्याच्या रकान्यात वाऱ्याची दिशा आणि बाकी काही नाही. शहरातली झाडं त्या रात्री किती पडली असतील, तो कुठल्या रस्त्याने आला असेल, दारं लावलेली होती की उडून गेली होती, काही नाही. पारा किती, ते दशांशाच्या पुढच्या आकड्यापर्यंत. सात त्या आकड्यात नव्हता, नाहीतर पोटातली रेघ बघता आली असती.

ठिपका नव्या कागदावर बराच खाली गेला. पुढचा, दुपारचा, वर. सूर्यास्ताचा जोडाच्या वर, पहिल्या कागदावर. देशमुखांनी ठिपके जोडले. निळी बशी आधी, लाल दरी मागाहून. वादळ खालून वर गेलं होतं, ते जसं जातं तसं.

पंखा कागदाचं टोक उचलत होता, त्यावर मी पट्टी ठेवली. देशमुखांनी आपल्या फाइलमधून टिपण काढलं, पहाटेच्या रकान्यावरचा परिच्छेद शोधला आणि त्यावर आडवी रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं, की पहाटेची निरीक्षणं घेतलेली आहेत, तारखा एक दिवस पुढे धरून स्वीकारावीत. खाली सही केली.

रमाबाईने वही मिटायला घेतली. जेवणाची वेळ होऊन गेली होती.

"मिटू नका," देशमुख म्हणाले. "पुढची ओळ वाचा."

"सर, पुढें कांहीं नाहीं. वादळ गेलें. साधे दिवस."

"हो," ते म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा उचलली. "तेच वाचा."